रात्रीचे दहा आणि गोव्यातला संगीत-बार

दर वर्षी पाऊस ओसरून गोव्यात पर्यटनाचा हंगाम सुरू झाला की रात्री दहानंतरच्या संगीताचा वाद ठरल्याप्रमाणे उभा राहतो आणि ठरल्याप्रमाणेच भांडला जातो. एका बाजूला हणजूण, वागातोर, शिवोली, आसगाव या पट्ट्यातले रहिवासी असतात. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि सकाळी शाळा गाठायच्या मुलांना डिसेंबरभर धड झोप मिळत नाही. दुसऱ्या बाजूला हॉटेलवाले, कार्यक्रमांचे ठेकेदार आणि पुण्या-मुंबईहून चार दिवस मोकळे व्हायला आलेली मंडळी असतात. दहाला दिवे मालवणारा गोवा हा त्यांच्या मते गोवाच नव्हे. पहिले म्हणतात संगीत बंद करा, दुसरे म्हणतात वेळ वाढवा. वर्तमानपत्रांतली पत्रे, समाजमाध्यमांवरच्या चकमकी, पुढाऱ्यांची निवेदने हे सारे या दोन मागण्यांच्या मध्ये हेलकावत राहते आणि जानेवारी उलटली की विषय पुढच्या हंगामापर्यंत गुंडाळून ठेवला जातो.

मला या वादाची मांडणीच चुकलेली वाटते. दोन्ही पक्ष घड्याळाकडे बघत आहेत, पण रात्रीच्या संगीताचा बरेवाईटपणा दोनच गोष्टींवरून ठरवता येतो: शेजाऱ्याच्या उशापर्यंत काय पोचते, आणि आत बसलेला माणूस प्रसंग आला तर धडधाकट बाहेर पडू शकतो की नाही. या दोन्ही कसोट्यांना उतरणाऱ्या लहान, बंदिस्त, वादक समोर बसून वाजवतात अशा बारला मध्यरात्रीपर्यंत, किंबहुना त्यानंतरही, उजळ माथ्याने चालू द्यावे. आणि जो उघड्यावरचा क्लब या कसोट्यांना उतरत नाही, त्याला रात्री दहापर्यंतच काय, संध्याकाळी सातलाही मुभा देऊ नये. माझी मागणी एका बाजूला आजच्यापेक्षा सैल आहे आणि दुसऱ्या बाजूला आजच्यापेक्षा पुष्कळ कडक आहे. त्यामुळे ती दोन्ही पक्षांना आवडणार नाही, याची मला कल्पना आहे.

मुळात कायदा काय म्हणतो, हे या वादात फारसे कुणी वाचून आलेले नसते. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम २००० सालचे आहेत आणि ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केलेले आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक, आवाज काढणारी साधने आणि वाद्ये यांना त्यांत मनाई आहे. परंतु सभागृह, मेजवानीचा हॉल यांसारख्या बंदिस्त जागांत, आतल्या आत ऐकण्यापुरता वापर या मनाईतून वगळलेला आहे. संगीताचा बार त्या उदाहरणांत नावानिशी आलेला नाही, हे खरे. पण नियमाचा हेतू उघड आहे. आवाज भिंतीच्या आत राहत असेल तर सरकारला घड्याळ बघण्याचे कारण नाही. शिवाय मर्यादा आकड्यांतही दिलेली आहे. निवासी भागात रात्रीची पातळी ४५ डेसिबल आणि व्यापारी भागात ५५. खाजगी जागेतल्या ध्वनियंत्रणेने आपल्या हद्दीवर या पातळीच्या वर फार तर पाच डेसिबल जावे. म्हणजे ज्याला आपण सर्रास ‘दहाचा नियम’ म्हणतो तो वेळेइतकाच भिंतीचा आणि हद्दीचाही नियम आहे. आपण त्यातली वेळ तेवढी उचलली, कारण वेळ तपासायला हातावरचे घड्याळ पुरते आणि हद्द तपासायला यंत्र घेऊन चालत जावे लागते.

आता विरुद्ध बाजूचे जे सर्वांत बळकट म्हणणे आहे, ते आधी मान्य केले पाहिजे. झोप ही चैन नाही. रात्रीचा आवाज हा केवळ गैरसोयीचा प्रश्न आहे असे ज्यांना वाटते त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १८ जुलै २००५ च्या निकालामागचे प्रकरण आठवावे. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि शेजारी मोठ्याने लावलेल्या संगीतात तिच्या किंकाळ्या कुणाला ऐकूच गेल्या नाहीत, या बातमीने अस्वस्थ झालेल्या एका अभियंत्याने केलेल्या याचिकेतून तो निकाल निघाला. नको असलेला आवाज कानांवर आदळू न देणे हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे आणि भाषणस्वातंत्र्याची ढाल पुढे करून कुणाला आपला ध्वनिवर्धक दुसऱ्यावर लादता येणार नाही, ही न्यायालयाची भूमिका मला शंभर टक्के पटते. ‘गोव्यात राहायचे तर एवढे सोसा’ असे सुनावणाऱ्या पर्यटकाला एवढेच विचारावेसे वाटते की त्याच्या कोथरूडच्या किंवा ठाण्याच्या सोसायटीत गणपती मिरवणुकीचा डीजे अर्धा तास दाराशी थांबला तर तो स्वतः किती सोसतो? ज्याचे घर आहे तो त्या गावात बारमाही राहतो. पाहुण्याची मौज त्याच्या झोपेवर उभी राहता कामा नये. यात मला कसलीही तडजोड दिसत नाही.

परंतु हे मान्य केल्यावर रहिवाशांच्या बाजूनेही एक प्रश्न विचारायला हवा: सध्याची अंमलबजावणी त्यांना ती झोप देते का? यंत्रावरच्या आकड्याची एक तांत्रिक गंमत आहे, आणि तिच्यात या भांडणाचा निम्मा उलगडा आहे. आपले नियम आवाज ‘ए’ मापनाने मोजतात. माणसाचा कान हळू आवाजात खर्ज कमी ऐकतो, म्हणून हे मापन खालच्या पट्टीतले ध्वनी वजा धरते. पन्नास हर्ट्झच्या आसपासचा आवाज तर ते तीसेक डेसिबलने कमी दाखवते. आणि नाइटक्लबचा सबवूफर, म्हणजे खर्ज काढणारा मोठा स्पीकर, नेमका तिथेच राहतो. खर्जाच्या लाटा लांब असतात, त्या पातळ भिंतीला, झावळ्यांना आणि माडांच्या रांगेला जुमानत नाहीत, दूरवर पोचतात, खिडकीची तावदाने थरथरवतात आणि छातीत धडधडतात. अशा वेळी कुणी यंत्र घेऊन आलाच तर काटा मर्यादेच्या जवळपास दिसतो आणि तक्रार करणारी बाई खोटी ठरते. उलट चार माणसांच्या टोळक्यात गाणारी एक गायिका आणि एक गिटार मधल्या पट्टीत असल्यामुळे ‘ए’ मापनावर पुरेपूर नोंदली जातात. खर्ज जवळजवळ जशाच्या तसा मोजणारे ‘सी’ मापन साध्या यंत्रातही असते. ते बटण दाबायला कुणी सांगितलेलेच नाही. दहाचा काटा सगळ्यांना सारखाच लागू असला तरी मोजमापाचा काटा मात्र मोठ्याच्या बाजूने झुकलेला आहे.

गेल्या हिवाळ्यात उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यातल्या एका गावात हे मी एकाच रात्री, एकाच खुर्चीवर बसून पाहिले. जुन्या घराची पुढची साल, म्हणजे बैठकीची खोली, तिथेच बार. खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने, खाली लाल कोब्याची जमीन. गिटार, कीबोर्ड आणि ड्रमच्या जागी नुसती एक लाकडी पेटी, तिच्यावर बसून वादक तळव्यांनी ठेका धरत होता. गाणारी बाई साठीच्या पुढची, चष्मा नाकावर उतरवून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेली गाण्यांची वही चाळणारी. आधी इंग्रजी, मग जुनी हिंदी, आणि खोली तापल्यावर कोंकणी. मंडळी मिळून पंचवीस-तीस, त्यांत निम्मी गावचीच. दहाला पाच कमी असताना पात्रांवने, म्हणजे मालकाने, काउंटरमागूनच हात वर केला, कीबोर्डवाल्याने मिक्सर बंद केला, दिवा मालवला आणि खिडक्या लोटून घेतल्या. बाईने तरी एक दुलपोद, म्हणजे ठेक्यातले कोंकणी गाणे, उचलले आणि सगळी खोली नुसत्या टाळ्यांवर ते म्हणू लागली. दहा मिनिटांत दाराशी गाडी थांबली, एक हवालदार आत डोकावला, ‘बंद करा’ म्हणाला, पात्रांव बाहेर जाऊन त्याच्याशी हळू आवाजात बोलून आला, आणि रात्र संपली. खोली शांत झाल्यावर लक्षात आले की टेबलावरच्या ग्लासातली फेणी थरथरते आहे. टेकडीपलीकडच्या क्लबचा खर्ज जमिनीतून येत होता. तो पहाटेपर्यंत येत राहिला.

हवालदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला रस्त्याकडेचे एक दार दिसत होते आणि टेकडीपलीकडे जायला कुणीतरी वरून सांगावे लागते. पण यावरून दिसते ते असे की सरसकट बंदी ही सरसकट पडत नाही. ती ज्याच्यापाशी वकील, ओळख आणि पैसा नाही त्याच्यावर पडते आणि बाकीच्यांसाठी ती एक खर्चाची बाब होऊन बसते. ‘लहानांना सूट दिली तर मोठे तिचा फायदा घेतील’ असे रहिवाशांच्या बाजूने नेहमी म्हटले जाते, आणि ही भीती निराधार नाही. सवलतीच्या फटीतून हत्ती बाहेर काढण्याची कला आपल्याकडे जुनी आहे. पण मोठ्यांनी तो फायदा आजच घेतलेला नाही का? अमुक वाजता सर्वांनी बंद, या नियमात अधिकाऱ्याला एकच प्रश्न उरतो: कुणाकडे दुर्लक्ष करायचे? तोच नियम अमुक हद्दीवर अमुक पातळी असा असला तर निदान त्याला लिहून ठेवावा लागेल असा एक आकडा तयार होतो, आणि आकड्यावर न्यायालयात भांडता येते.

संगीतावर वेगळ्या हेतूने घातलेली बंधने शेवटी कुणाला भोवतात, याचा इतिहास न्यूयॉर्कमध्ये अगदी नमुनेदार सापडतो. तिथे १९२६ साली कॅबरे कायदा आला. परवान्याशिवाय लोकांना नाचू द्यायचे नाही, असे त्याचे वरवरचे रूप. रोख होता तो हार्लेममधल्या जॅझ क्लबांवर, जिथे काळे आणि गोरे एका छताखाली बसत. पुढे लहान जागांना सवलत मिळाली, पण ती फार तर तीन वादकांना आणि त्यांतही तंतुवाद्ये व कळफलकाच्या वाद्यांपुरतीच. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ड्रम बाहेर. म्हणजे नियम आवाजाचा म्हणायचा आणि वगळायचे ते नेमके जॅझचे वाद्य! वाद्यांची ही अट न्यायालयात टिकली नाही, ती १९८० च्या दशकात गेली. १९४० पासून १९६७ पर्यंत तर वादकालाही पोलिसांकडून कार्ड घ्यावे लागे; जॅझ गायिका बिली हॉलिडे आणि पियानोवादक थेलोनियस मंक यांची कार्डे काढून घेतली गेली आणि ज्या शहराने त्यांचे संगीत जगाला दिले त्याच शहरातल्या क्लबांत त्यांना वर्षानुवर्षे वाजवता-गाता येईना. मूळ कायदा रद्द व्हायला २०१७ उजाडले. तो रद्द करताना मोठ्या जागांसाठीच्या पहारा आणि कॅमेऱ्यांच्या अटी मात्र शहराने ठेवल्या, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. नव्वद वर्षांनी का होईना, जिवाची काळजी कोणती आणि नाक मुरडणे कोणते, हे तिथे वेगळे काढले गेले.

आपल्याला न्यूयॉर्कपर्यंत जाण्याचीही गरज नाही. २००५ साली महाराष्ट्राने डान्स बार बंद केले तेव्हा मुंबई पोलीस कायद्यात दोन कलमे घातली गेली. एकाने बंदी केली आणि दुसऱ्याने तीन तारे व त्यांवरच्या हॉटेलांना तिच्यातून वगळले. तोच नाच, तेच गाणे, तीच दारू; बिल मोठे असले की अश्लीलता नाहीशी होते, असा त्याचा सरळ अर्थ. उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही बंदी मोडीत काढली, २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केले, आणि दरम्यान हजारो बायकांचे पोटाचे साधन गेलेले होते. सरकारने मग नवा कायदा आणला, त्यातल्या कितीतरी अटी २०१९ च्या जानेवारीत गळल्या. त्याहून कमी चर्चा झालेला निकाल ऑर्केस्ट्रा बारचा आहे. मुंबईत परवान्याच्या अटींत मंचावर चार बायका आणि चार पुरुष, असे प्रमाण ठरवून दिलेले होते. पाच गायिका आणि तीन वादक बसले की गुन्हा. ही स्त्री-पुरुषांची मोजदाद सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या फेब्रुवारीत रद्द केली, पण मंचावर एकूण आठ जणांची मर्यादा ठेवली. या जागांत शोषण होत नव्हते असे मी म्हणत नाही. ते होत होते आणि आजही काही ठिकाणी होत असेल. पण शोषणावरचा उपाय शोषण करणाऱ्याला पकडणे हा असतो. गायिकांची संख्या चारवर आणल्याने पाचवीचे शोषण कसे थांबते, हे मला आजवर कुणी समजावून दिलेले नाही.

या सगळ्यात संगीताचे काय होते, हा प्रश्न वादात सहसा येतच नाही, जणू बारमधले संगीत हे तळलेल्या मासळीबरोबर येणारे लिंबू आहे. गोव्याबाबत तरी हे अक्षम्य आहे. पोर्तुगीज काळापासून चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवले जाई. ते शिक्षण घेऊन निघालेली पोरे मुंबईत, कलकत्त्यात, कराचीत हॉटेलांच्या आणि क्लबांच्या बॅण्डमध्ये उभी राहिली. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलच्या नाचाच्या दालनात १९३० च्या दशकात अमेरिकी काळ्या वादकांचे बॅण्ड आले, त्यांच्या हाताखाली आणि त्यांच्या शेजारी बसून गोवेकरांनी जॅझ आत्मसात केला. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर बारमधल्या बॅण्डांचा धंदा आखडला, पण सिनेमाचे स्टुडिओ होते म्हणून ही माणसे तगली. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यवृंदाची स्वरलिपी लिहिणारे सेबॅस्टियन डिसूझा, प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस, पुणतांब्याच्या रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांच्या, गाण्यांत ट्रम्पेट आणणारे चिक चॉकलेट, हे सारे याच परंपरेतले, आणि त्यांतले काही तर रात्रीच्या हॉलमध्ये आणि बारमध्येच घडलेले लोक. उषा उत्थुप यांची सुरुवातही १९६९ च्या सुमारास मद्रासच्या आणि मग कलकत्त्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या नाइटक्लबातच झाली, तीही कांजीवरम नेसून. ज्या हिंदी-मराठी गाण्यांवर आपण आपले बालपण टांगून ठेवलेले आहे त्यांतला वाद्यमेळ कुठून आला, असे विचारले तर उत्तराचा एक मोठा हिस्सा धुराने भरलेल्या, अर्धवट उजेडाच्या खोल्यांकडे जातो.

अशी खोली वादकाला जे देते ते दुसरीकडे कुठे मिळत नाही. मोठ्या महोत्सवात तो चाळीस मिनिटे वाजवतो आणि उतरतो. स्टुडिओत आता बहुतेक वाद्ये संगणकातूनच निघतात. बारमध्ये मात्र त्याला तीन-चार तास, रोज, लक्ष न देणाऱ्या माणसांचे लक्ष वेधावे लागते. कुणी अचानक मागितलेले गाणे अनोळखी पट्टीत उचलावे लागते. गायिकेचा सूर सरकला तर तिच्यामागून सरकावे लागते. डीजेच्या क्लबला अशा माणसाची गरज नाही, आणि म्हणूनच दहाचा नियम दोघांना सारखा लागला तरी इजा सारखी होत नाही. क्लबचा मालक दंड भरून, परवान्यांची जुळवाजुळव करून, कधी नुसता आवाज थोडा उतरवून धंदा चालू ठेवतो. लहान बारमध्ये मुळात गिऱ्हाईक नऊला जमते. त्याला तासाभराच्या संगीतासाठी तीन वादकांचे पैसे परवडत नाहीत, तो एक फोन आणि एक स्पीकर लावून मोकळा होतो. इंग्लंडने हा फरक ओळखून २०१२ साली वेगळा कायदाच केला: परवानाधारक जागेत श्रोते दोनशेच्या आत असतील तर रात्री अकरापर्यंत जिवंत संगीताला निराळी परवानगी लागणार नाही. पुढे ती मर्यादा पाचशेवर गेली. तक्रार आली तर सवलत काढून घेण्याची सोयही तिथे आहे. लहान जागा हा वेगळा वर्ग मानण्यात अशक्य असे काही नाही, एवढेच यातून घ्यायचे.

माझ्या भूमिकेवरचा सर्वांत गंभीर आक्षेप आवाजाचा नाहीच. तो आगीचा आहे. ‘भिंती उभारा’ असे म्हणणे सोपे आहे, पण २०२५ च्या डिसेंबरात गोव्यातच, हडफड्यातल्या एका नाइटक्लबच्या आगीत पंचवीस माणसे गेली आणि त्यांतली बहुतेक तिथेच राबणारी होती, इतर राज्यांतून पोटासाठी आलेली. २०१७ च्या डिसेंबरात मुंबईतल्या कमला मिल आवारात गच्चीवरच्या रेस्तराँच्या आगीत चौदा जण दगावले. अशा वेळी आवाज कोंडण्यासाठी दारे-खिडक्या बंद करायला सांगणे म्हणजे माणसांना कोंडणे नव्हे काय? हा आक्षेप मी टाळणार नाही, कारण आवाज अडवायला स्वस्तातला फोम आणि पडदे लावले की तेच आधी पेटतात. पण नीट पाहिले तर हा आक्षेप माझ्या मताच्या विरुद्ध जात नाही. जागेची क्षमता किती, बाहेर पडायच्या वाटा किती आणि कुठे, छत कशाचे, स्वयंपाकघरातल्या पोराला पळायला जिना आहे की नाही, हे सगळे तपासण्यासाठी आधी जागा कायद्याच्या उजेडात असावी लागते. जी यंत्रणा दहा वाजले की नाही एवढेच पाहते आणि त्यावर देवाणघेवाण करते, ती तळघरातल्या दाराला कुलूप आहे का, हे पाहायला कधी उतरणार? जिथे बंदीच्या निमित्ताने वरकमाईची सवय लागते तिथे पहिली विकली जाते ती सुरक्षेची तपासणी. म्हणून उशिरापर्यंतचा परवाना हवा असेल तर आवाजाच्या दाखल्याबरोबर अग्निशमनाचा दाखला एकाच कागदावर, एकाच तपासणीत आणि दर हंगामाआधी नव्याने घ्यावा लागावा. ज्याला हे झेपत नाही त्याने दहाच्या आत, हळू वाजवावे.

हॉटेलवाल्यांच्या ‘पर्यटन बुडेल’ या हाकाटीत मला तथ्य दिसत नाही. जो पाहुणा दणदणाटासाठीच येतो त्याला दणदणाट कुठेही मिळतो. उद्या दुसऱ्या किनाऱ्यावर तो स्वस्त मिळाला की तो तिकडे जाईल. गावच्या बाईच्या आवाजातले दुलपोद मात्र गोव्याबाहेर मिळत नाही. दुसरा एक तोडगा अधूनमधून सुचवला जातो: लांब माळावर ‘नाइटलाइफ’ची वेगळी वसाहत करा आणि सगळ्यांना तिकडे हलवा. कागदावर तो सुटसुटीत दिसतो. प्रत्यक्षात तिथली जागा मोठ्या भांडवलालाच परवडणार, सालीत बार चालवणारा पात्रांव तिथे जाणार नाही, आणि रात्री दोनला शेकडो दुचाक्या अंधाऱ्या रस्त्यावरून प्यालेल्या माणसांना घेऊन परतणार. ज्या गावात माणूस चालत येतो आणि चालत मुक्कामी जातो तिथेच लहान बार राहणे हे रस्त्यावरच्या जिवांसाठीही बरे आहे.

आधी कोण आले, यालाही किंमत असावी. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०१४ मध्ये आणि इंग्लंडने २०१८ मध्ये नियोजनाच्या नियमांत एक साधे तत्त्व आणले: जो नंतर येतो आणि परिस्थिती बदलतो, आवाज अडवण्याचा खर्च त्याने करायचा. जुन्या संगीत-क्लबशेजारी नवी इमारत उभी राहिली तर जाड काचा बिल्डरने बसवायच्या. जुन्या वस्तीशेजारी नवा क्लब आला तर भिंत क्लबने बांधायची. गोव्यात हे तत्त्व लावले तर बहुतेक वेळा निकाल गावाच्या बाजूने लागेल, कारण गाव आधीपासून आहे आणि टेकडीवरचा क्लब परवाचा. पण आसगावात दिल्लीकराने गेल्या वर्षी व्हिला घेतला आणि पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या तावेर्नमधल्या, म्हणजे गावच्या दारूच्या दुकानातल्या, गिटारीबद्दल तक्रार केली, तर निकाल तावेर्नच्या बाजूने लागेल. शांतता हवी असणारा प्रत्येक जण भूमिपुत्र असतो आणि संगीत हवे असणारा प्रत्येक जण उपरा, हे गृहीतक हल्ली तितकेसे खरे राहिलेले नाही.

आणि हा प्रश्न बारपुरता, गोव्यापुरता आहे असेही समजू नये. उघड्यावर रात्री दहानंतर वाद्य वाजवायला मनाई, या वाक्यात सबवूफर आणि पखवाज एकाच ओळीत बसतात. सिंधुदुर्गातल्या जत्रांत दशावतार रात्री उशिरा रंगतो आणि पहाटे दहीकाल्याला संपतो. नारायणगावच्या राहुट्यांतून सुपाऱ्या घेऊन निघालेल्या तमाशाच्या फडांचा वग रंगायलाच मध्यरात्र होते. सणासमारंभांसाठी बारा वाजेपर्यंतची जी सवलत राज्याला देता येते ती वर्षातून पंधराच दिवसांची, आणि त्या दिवसांवर गणपती-नवरात्राचा हक्क आधी लागतो. फडमालक दहाच्या मर्यादेबद्दल वर्षानुवर्षे गाऱ्हाणे घालत आलेले आहेत. त्यांची जागा बंदिस्त नाही, त्यांना बारचा तोडगा लागू पडणार नाही, हे मला मान्य आहे. त्यांच्यासाठी दिवसांची संख्या आणि गावाची संमती यांवर आधारलेला निराळा नियम करावा लागेल. पण गावाने स्वतः बोलावलेला वग आणि गावाला न विचारता उभा राहिलेला स्पीकरांचा मनोरा यांना एकच माप लावणारा नियम कुणाचे रक्षण करतो?

उरतो प्रश्न अंमलबजावणीचा, आणि मी सुचवतो ते सगळे त्याच कार्यालयांतून जाणार असल्यामुळे वाचकाला शंका येणे रास्त आहे. माझे उत्तर असे की मोजमाप त्यांच्या हातात ठेवूच नये. उशिराचा परवाना घेणाऱ्या प्रत्येक बारच्या हद्दीवर, शेजाऱ्याच्या बाजूला, रात्रभर आपोआप नोंद करणारे यंत्र बसवावे, खर्च बारचा. ते ‘ए’ आणि ‘सी’ दोन्ही मापनांत नोंदावे. आणि सलग काही रात्री मर्यादा ओलांडली की परवाना अधिकाऱ्याच्या मर्जीशिवाय आपोआप थांबावा. आदल्या रात्रीचे आकडे सकाळी पंचायतीच्या फळ्यावर लागले पाहिजेत. त्याला मंत्रालयाची फाइल लागत नाही. एक कारकून आणि एक खडू पुरतो, आणि टेकडीपलीकडच्या क्लबचे नाव त्या फळ्यावर कितव्या दिवशी दिसते ते गावातल्या सगळ्यांना वाचता येते.